ओली पायपुसणी

मी पायपुसणी बोलतेय. बाथरूमच्या दाराशी पडलेली असते ना, तीच. मुख्य दारातल्या माझ्या बहिणींवर फुलं तरी काढलेली असतात. माझ्यावर काहीच नाही. लोक न बघता पाय देतात, पुसतात आणि निघून जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे, आणि ती ऐकायला कुणी मिळत नव्हतं, म्हणून आज तुम्हाला धरलंय.

माझा जन्म पँटींच्या पायांतून झाला. आमची मालकीण घरीच कपडे अल्टर करून देते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिची मशीन, शेजारी कापायचं टेबल आणि टेबलाखाली गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे ढीग. दुकानातल्या पँटी कुणाच्या मापाने शिवतात देव जाणे, येणाऱ्या प्रत्येकाला त्या लांबच होतात. कापून उरलेले तुकडे मालकिणीने साठवले, त्यांच्या पट्ट्या काढल्या, वेण्या घातल्या आणि त्या गोल गोल शिवत मला केलं. माझ्यात निम्म्या गल्लीचे पाय आहेत, पण मला चालता मात्र येत नाही.

घरात माणसं तीन. मालकीण, शाळेत जाणारी तिची लेक छकुली, आणि मालकिणीचे वडील. छकुलीचे वडील बोटीवर नोकरीला, ते घरी पाहुण्यासारखे येतात. मालकिणीच्या वडिलांना ती बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणते. बाबांनी उभी हयात बस चालवली. "शेवटचा स्टॉप आल्याशिवाय मी कधी सीटवरून उठलो नाही. कितीही लागली तरी!" हे ते चहा पिताना हटकून सांगायचे. आवाज खणखणीत, चाल ताठ. माझ्यावर पाय पुसायचे तेही ब्रेक दाबल्यासारखे.

अशा घरात पिल्लू आलं. छकुलीने हट्टच धरला होता. जेवण सोडलं, अबोला धरला, शेवटी आई नमली. अनाथ प्राण्यांच्या निवाऱ्यातून पिल्लू आणायचं ठरलं. मालकिणीची अट एकच. "हे बघ, आपलं पोट या कपड्यांवर आहे. गिऱ्हाइकाच्या एका कपड्याला जरी घाण लागली, तरी पिल्लू परत जाणार. मग भोकाड पसरायचं नाही." छकुलीने मान डोलावली. त्या वेळी तिने कशालाही मान डोलावली असती.

पिल्लाचं नाक काळं, गोल, कोटाच्या बटणासारखं. म्हणून तो बटण झाला.

आल्या आल्या बटणने घरभर सही केली. फ्रिजपाशी केली, कपाटापाशी केली, पण त्याची आवडती जागा म्हणजे मी. मी मऊ, आणि सगळं मुकाट पिऊन घेणारी. खरं सांगते, मला त्याचा भयंकर राग यायचा. दोरीवर वाळत असताना मी मनातल्या मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहायची.

निवाऱ्यातल्या माणसाने फोनवर सांगितलं, "खाल्लं, झोपून उठलं, खेळून दमलं, की लगेच खाली न्या. खाली केलं की लाड करा. घरात केलं तर ओरडू नका, गुपचूप पुसून टाका."

"म्हणजे टाइमटेबल!" बाबा खूश झाले. "ते माझ्याकडे लागलं."

तेव्हापासून घरात "चला, ड्युटी!" अशी आरोळी ऐकू येऊ लागली. बाबा बटणला घेऊन जिना उतरायचे. खालच्या कुंपणाशी गवताचा एक पट्टा आहे, तिथे काम उरकलं की बटणला बिस्किटाचा तुकडा मिळायचा. परत आल्यावर बाबा दारातूनच ओरडायचे, "गाडी वेळेवर!" मालकीण मशीनवरून मान वर न करता हसायची.

आणि पोरगं शिकलं हो! लागली की मुख्य दारापाशी जाऊन उभं राहायचं आणि नाकातून बारीक आवाज काढायचं. मी कोरडी राहू लागले. माझा रागही हळूहळू वाळून गेला. तो दुपारी माझ्यावर हनुवटी टेकून झोपायचा, तेव्हा मला बरं वाटायचं.

मग ती दुपार आली. मालकिणीची मशीन घरघरत होती. बाबा झोपेतून उठून भिंतीला हात लावत घाईघाईने आले. माझ्यावर उभे राहिले, कडीकडे हात नेला आणि तिथेच थांबले. मला ऊब जाणवली. मग ओल.

बटण धावत आला. त्याने मला हुंगलं, वर बाबांकडे पाहिलं आणि शेपटी हलवत त्यांचे पाय चाटायला लागला. काम झालं की लाड करायचे, हे बाबांनीच तर त्याला शिकवलं होतं.

बाबा आत गेले. तेवढ्यात मालकीण आली आणि तिचा पाय माझ्यावर पडला.

"बटण! अरे मेल्या, शिकलास म्हणून मी गावभर सांगत सुटले होते!"

बंद दाराआड नळ जोरात सुरू झाला. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांनी आतल्या खुंटीवरचा दुसरा पायजमा घातला होता. "लहान आहे गं," ते म्हणाले. "शिकेल."

मी आतल्या आत आक्रोश करत होते. हा तो नाही गं, हे बाबा आहेत! पण चिंध्यांना कंठ कुठून फुटणार?

ते एकदाच झालं असतं तर मीही विसरले असते. पण पुन्हा झालं, आणि पुन्हा झालं. दर वेळी बटणला बोलणी बसायची, मग त्याला गॅलरीत बांधून ठेवायचे. तो तिथून कान पाडून घराकडे बघत राहायचा. आपलं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं. बाबांनी बसच्या गोष्टी सांगणं सोडून दिलं. चहा अर्धाच घ्यायचे, पाण्याचा पेला तसाच ठेवायचे. मालकीण कामात नसली की गॅलरीत जाऊन बटणला अख्खं बिस्किट द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "तुझ्या नावावर ढकलतोय रे. थोडे दिवस सांभाळून घे."

एका सकाळी मालकीण कपडे पोचवायला गेली होती आणि छकुली शाळेत. बाबांचं पुन्हा तसंच झालं, या वेळी लादीवरही सांडलं. बाबा भांबावले. चष्मा डोळ्यांवर नव्हता. टेबलाखालच्या ढिगातून जे हाताला लागलं ते त्यांनी ओढलं, लादी पुसली आणि ते ढिगात खोल खुपसून ठेवलं.

तो एका नवऱ्यामुलाच्या कोटाच्या अस्तराचा कपडा होता, बेतून ठेवलेला.

संध्याकाळी मालकिणीच्या हाताला तो लागला. ती ओरडली नाही. तो कपडा मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "छकुली, आपलं काय ठरलं होतं?"

छकुलीने रडून आकांत मांडला. बाबा म्हणाले, "अगं, एक डाव..."

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हीच त्याला लाडावून ठेवलंय."

बाबा उठून आत निघून गेले.

निवाऱ्यातला माणूस टोपली घेऊन आला. बटणला वाटलं ड्युटीवर निघालोय, त्याने स्वतःच टोपलीत उडी मारली. बाबा माझ्यापाशीच भिंतीला धरून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. आता बोलतील, मला वाटलं. बोला ना बाबा, तुम्हाला येतं बोलता!

"त्याला खिडकीपाशी ठेवा," बाबा म्हणाले. "गाडी लागते त्याला."

दार बंद झालं.

पुढे थोड्याच दिवसांनी, अशीच दुपार होती. मालकीण पाणी प्यायला उठली आणि तिचा पाय माझ्यावर पडला.

"बट..." ती म्हणाली आणि थबकली.

तिने खाली पाहिलं. मग बाथरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. आत नळ वाहत होता.

"बाबा, नळ बंद करा. दार उघडा."

"आलो, आलो. पाय घसरला जरा."

"बाबा."

नळ थांबला. दार मात्र उघडलं नाही. आतूनच आवाज आला. "आधी तो होता गं. नंतर मीच होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"भ्यायलो. त्याला परत पाठवायला तुझ्याकडे जागा होती. मला कुठे पाठवणार, कळेना."

मालकीण खाली बसली, तशीच, ओल्या माझ्यावर. पदराआड नाही, ओंजळीत नाही, उघड्या तोंडाने रडली. मग उठून तिने निवाऱ्यात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "त्याला नेलं हो एका कुटुंबाने. फार शहाणं पिल्लू. इथेसुद्धा दाराशी उभं राहून आठवण करून द्यायचं."

आता मला रोज धुतात, रोज उन्हात घालतात. माझ्या जोडीला मालकिणीने दुसरी पायपुसणी केलीय. बाबांना डॉक्टरकडे नेऊन आणलं, औषध सुरू आहे. काही झालं तर ते हाक मारून सांगतात आणि कुणी काही बोलत नाही. एवढंच आधी झालं असतं तर! तुमच्या घरातलं कुणी अर्धाच चहा पिऊन उठायला लागलं, गोष्टी सांगायचं थांबलं, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा हो. आणि तुमचंच काही असं झालं असेल, तर सांगून टाका. तुम्हाला तोंड आहे.

परवा छकुली माझ्यावरून जाताना थांबली. "आई, बटण तर शिकला होता ना? मग त्याने काय केलं होतं?"

मालकिणीची मशीन थांबली. बाबांनी हातातला कप खाली ठेवला.

"इकडे ये," ते म्हणाले. "मी सांगतो."

त्यांनी सगळं सांगितलं. छकुलीने ऐकून घेतलं. ती त्यांच्याजवळून उठली आणि गॅलरीत, बटणला जिथे बांधायचे तिथे, पाठ करून बसली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना तिला हाक मारता येईना, आणि मला तर हाक कधीच मारता येत नव्हती.