एकाच कम्प्युटरवर चालणारं केंद्र

बाबांनी जिल्हाभरातल्या पोरापोरींची लग्नं जुळवली आणि घरची पोरगी तेवढी राहिली, असं मेहकरात लोक म्हणतात. लोकांचं म्हणायला काय जातं! मी राहिले नव्हते, मला ठेवलं होतं. बाबांच्या वधू-वर सूचक केंद्रातलं सॉफ्टवेअर फक्त मला चालवता येतं. म्हणून दरवर्षी परिचय मेळाव्याची पुस्तिका छापायला जाताना बाबा माझ्या बायोडाटाचं पान अलगद बाजूला काढत आणि म्हणत, "मंजू, पुढच्या खेपेले."

यंदा मात्र मी भांडून कबूल करून घेतलं होतं, माझं पान लागणार. आणि मेळाव्याच्या आठवड्यातच कम्प्युटर गेला. लाइट गेली, आली, पुन्हा गेली आणि जाताना त्यालाही घेऊन गेली.

बाबा, म्हणजे माणिकराव, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या मते जगात अडचणी दोनच, गाडी लेट होणं आणि उत्तमराव. उत्तमराव म्हणजे मोताळ्याच्या केंद्राचे मालक. समाज एक, धंदा एक, त्यामुळे दोघांची तोंडं दोन दिशांना. सॉफ्टवेअर करून घेताना बाबांनी खामगावच्या चंद्रशेखरला बजावलं होतं, "असं कुलूप लाव, का उत्तमरावच्या बापालेबी एक बायोडाटा काढता आला नाही पायजे." वर सगळे कागदी फॉर्म अंगणात जाळून टाकले. रद्दीत घातले तर उत्तमराव रद्दीवाल्याकडून विकत घेतील, ही धास्ती. शेजाऱ्यांना वाटलं, यांची होळी लवकर आली.

नवा कम्प्युटर आणला. जुन्याची हार्ड डिस्क शाबूत होती, ती जोडून पाहिली. सॉफ्टवेअर काही उघडेना. चंद्रशेखरला बोलावलं, तर तो चहा संपेपर्यंत बोलेचना. मला तिथेच शंका आली.

"काका, हे जुन्या विंडोजवरच चालते," तो अखेर म्हणाला. "नवीनवर याचा डेटाबेस चढत नाही."

"मंग नवीन डेटाबेस दे," बाबा म्हणाले.

"देतो ना. पन त्याले माहं नवीन सॉफ्टवेअर लागन."

"थेबी दे."

"थे जुना डेटा वाचत नाही."

"मंग दुसऱ्या कोनाकडून वाचून घेतो!"

"कसं वाचन काका? कुलूप हाय. तुम्हीच तं लावाले सांगतलं."

मी म्हटलं, "जुनं विंडोज टाकून दे की यात."

"त्याची सीडी कुठी सापडते आता, ताई? हे सॉफ्टवेअर आधीच बसवलेला, चालू असलेला जुना कम्प्युटर पायजे." चंद्रशेखर पंख्याकडे पाहत राहिला. "तसा एकच उरला हाय. मोताळ्याले."

मोताळ्याला कोणाकडे, हे विचारायची गरज नव्हती; यानं तेच सॉफ्टवेअर उत्तमरावांनाही विकलं होतं. बाबा उठून उभे राहिले. "त्याच्या दारात मी पाय ठेवत नाही. मेळावा पुढच्या वर्षी घेऊ."

पुढच्या वर्षी! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "नका ठेवू पाय," मी म्हटलं. "मी चालली डिस्क घेऊन."

बाबा आले. मागून आले, पण आले. चंद्रशेखरलाही मी सोबत ओढलं. बुलढाण्याला गाडी बदलून मोताळ्यापर्यंत डिस्क जेवणाच्या डब्यात आणि डबा बाबांच्या मांडीवर. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. गाडी लेट आहे, हे कंडक्टरला मात्र दोनदा सुनावलं.

उत्तमराव दारातच होते. "या, माणिकराव, या! जय भीम." त्यांचा आनंद इतका उतू जात होता की बाबांना जय भीम घालणंही जड गेलं. त्यांच्या बायकोने, शालूबाईंनी, पोह्यांच्या बशा आणल्या. चंद्रशेखरने डिस्क जोडली, पासवर्ड टाकला, आणि आमचं सगळं केंद्र उत्तमरावांच्या पडद्यावर उघडलं.

"थांब बे," उत्तमराव म्हणाले. "हा तं माहा पासवर्ड हाय."

"तुमचा कसा? माहा हाय," बाबा म्हणाले.

दोघांनी चंद्रशेखरकडे पाहिलं. चंद्रशेखरने पोह्यांकडे पाहिलं. "सगळ्याइले एकच देल्ला," तो पुटपुटला. "ध्यानात ठेवाले सोपा."

"अन् मी तुले काय सांगतलं होतं?" उत्तमराव ओरडले. "माणिकरावच्या बापालेबी काढता आलं नाही पायजे!"

बाबांना ठसका लागला. मी संधी सोडली नाही. "चंद्रशेखर, सगळा डेटा साध्या तक्त्यात काढून दे. कोणत्याही कम्प्युटरवर उघडला पाहिजे, तुझ्याशिवाय. नाहीतर पासवर्डची गोष्ट मेळाव्यात माइकवर सांगते." तो घाईघाईने कामाला लागला. मला म्हणायचा, या कामाला महिना लागेल. पोहे निवायच्या आत झालं.

मी एकेक पान तपासत होते. उत्तमराव खांद्यावरून वाचत होते, आता त्यांना कोण अडवणार! माझं पान आलं तसे ते थबकले. "ही तं तूच हाय, पोरी! माणिकराव, काऊन लपवून ठेवली? माह्याकडं नांदुऱ्याचा एक मास्तर हाय—"

"थे पान राहू द्या," बाबा पटकन म्हणाले. "थे गेली तं केंद्र कोन चालवन?"

इतकी वर्षं जे मनात होतं ते परक्या घरात बाहेर पडलं. शालूबाई बशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मला रडू फुटलं, आणि रडते आहे याचाच जास्त राग आला.

"चंद्रशेखरनं डेटाला कुलूप लावलं, पण निदान नवीन सॉफ्टवेअर घ्या तरी म्हटलं, बाबा," मी म्हणाले. "तुम्ही मला कुलूप लावलं आणि तेवढंही केलं नाही. दुसऱ्या कोणाला शिकवलं नाही, स्वतः शिकला नाहीत. मला एकटीलाच ठेवलं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माउसला हात लावला.

"छापाचं बटन कोनतं?"

मी बोटाने दाखवलं. गाडी सोडताना कंडक्टर घंटी ओढतो तसं त्यांनी ते जोरात दाबलं. लगेच काही झालं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिले. प्रिंटर घरघरला आणि माझं पान बाहेर आलं, मागोमाग दुसरं, तिसरं. कागद टेबलावरून खाली उत्तमरावांच्या पायाशी पडायला लागले.

"माणिकराव, पुरे! मेळाव्याले एकच लागते!"

"लागू दे," बाबा म्हणाले. त्यांचं बोट बटणावरच होतं. "बाकीचे तुम्ही वाटा."