माझ्या मागच्या बाजूचा टोपीवाला

मित्रांनो, शिरवण्यात दीपेशच्या चार मजली घराच्या ओट्यावर, मोटरसायकलवर जे मळके कापड टाकलेले दिसते, तो मी. तुम्ही मला फडके म्हणता. म्हणा. मी एक जुना पडदा आहे. तुमच्या भिंतीवरची ती काळी काच जन्मालाही आली नव्हती, तेव्हा माझ्यासमोर अख्खे गाव श्वास रोखून बसत असे.

माझी घडण साधी. गावच्या शिंप्याने मांजरपाटाचे चार पट्टे एकमेकांना जोडले, कडेने सुतळी ओवायला भोके पाडली आणि मी तयार झालो. त्या शिवणी अजून माझ्या अंगावर आहेत. चित्रपटातला घोडा धावताना प्रत्येक शिवणीवर जरा मोडायचा. कोणी कधी तक्रार केली नाही. ज्यांना घोडा बघायचा असतो ते शिवण बघत नाहीत. हल्लीची माणसे शिवणच बघतात आणि त्याला रसिकता म्हणतात.

जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात कामगारांचा क्लब होता. त्या क्लबकडे एक लहान प्रोजेक्टर होता आणि तो चालवणारे नंदकिशोर आमच्या गावचे जावई होते. ते शनिवारी यंत्र घेऊन येत. बरोबर बहुधा इंग्रजी घोडेस्वारांचे चित्रपट असत, कारण झिजलेली ती रिळे दुसरे कोणी मागत नसे. ओसाड माळ, लाकडी गाव, त्यात घोड्यावरून येणारा एकटा माणूस आणि शेवटी पिस्तुले. इंग्रजी एकालाही येत नव्हते. मिठागरावरून आलेले बाप्ये पडद्यावरच्या माणसांना आपल्या बोलीत सल्ले देत आणि पडद्यावरची माणसे बहुतेक वेळा ते ऐकतही.

आता नीट ऐका, कारण पुढचा सगळा तमाशा यावरूनच झाला. पुरुष माझ्यापुढे बसत आणि बायका माझ्यामागे. तसा नियम कोणी केला नव्हता आणि तो मोडायचे धाडसही कोणी केले नव्हते. बायका रांधून, वाढून येईपर्यंत पुढची जागा भरलेली असे. मग त्या मागे बसत. पण कोरड्या कापडातून चित्र मागे फारसे उतरत नाही. म्हणून खेळ सुरू होण्याआधी बायका विहिरीवरून कळशा आणून माझ्यावर पाणी मारत. मी भिजलो की उजेड आरपार जाई. चित्र फिके पडते म्हणून पुढचे बाप्ये कुरकुरत. राहीबाई नावाची एक धिप्पाड बाई रिकामी कळशी हातात घेऊन पुढे येऊन उभी राही. मग कुरकुर थांबे. सिनेमा आपल्या एकट्यांच्या मालकीचा आहे असे वाटणाऱ्या माणसांना एवढे उत्तर पुरते.

मागे बसलेल्या त्या पोरीबाळींत एक कमळी होती. आज तिला सगळे आजी म्हणतात. मी म्हणणार नाही, मी तिला परकरात पाहिले आहे. ती डावरी होती. जेवायला बसली की डाव्या हातावर फटका बसे. कधी आई पदराच्या चिंधीने तिचा तो हात बांधून ठेवी. तो बांधलेला हातही मी पाहिला आहे. एका शनिवारी ती तसाच हात घेऊन माझ्यामागे येऊन बसली.

त्या दिवशीच्या चित्रपटातल्या नायकाला गावाने टोपीवाला असे नाव ठेवले होते. तो उंच, फारसे न बोलणारा. तो घेवड्याचे दाणे खाई ते डाव्या हाताने, कॉफी ओती ती डाव्या हाताने, आणि ज्या हाताच्या भीतीने सगळे गाव दारे लावून बसे तो हातही डावाच. कमळीने दातांनी चिंधीची गाठ सोडली. दुसऱ्या दिवसापासून तिने मार खाल्ला, पण हात बदलला नाही. आई दमली. तो चित्रपट पुढे बरेच वेळा लागला आणि दर वेळी कमळी माझ्या पार जवळ येऊन बसली.

मोठेपणी तिने नेरुळच्या बाजारात मासळी विकली. डाव्या हाताने कापायची, डाव्यानेच पैसे घ्यायची. एखाद्या गिऱ्हाइकाने नाक मुरडले की ती टोपीवाल्याची गोष्ट सांगे आणि वर सुरी दाखवी. गिऱ्हाईक मासळी घेऊन जाई.

माझे पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. घरोघर टीव्ही आले. यंत्र मोडीत गेले. मी कमळीच्या घरी आलो. माझ्यावर पापड वाळले, मिरच्या वाळल्या, रंगारी आले तेव्हा मी फरशीवर पसरलो. आता मोटरसायकल. ज्या अंगावरून घोडे गेले त्यावर वंगणाचे डाग आहेत. असो.

या घरात आता कमळीचा मुलगा दीपेश, त्याची बायको अमिता आणि त्यांची मुलगी दिशा राहतात. दिशा तिसरीत आहे आणि आजीसारखीच डावरी आहे. दीपेश दोन मजल्यांचे भाडे खातो आणि उरलेल्या वेळात जगाला शिकवतो. जत्रेच्या जेवणात पोरीने डावा हात ताटात घातला आणि कोणी पाहुण्याने भुवया वर केल्या, एवढ्यावर त्याची झोप उडाली. त्याने तिला अक्षर सुधारण्याच्या क्लासला घातले. तिथल्या मॅडमनी सांगितले की लहान वयात हात बदलून घेता येतो. दीपेशला हे फार आवडले. फी भरली की काहीही बदलता येते असे मानणारी ही पिढी.

दिशाच्या डाव्या हातात मोजा घालायचे ठरले, तेव्हा कमळी आडवी आली. तिने टोपीवाल्याची गोष्ट काढली. जगात त्याच्याएवढा खमका माणूस नाही आणि तो डावरा होता, मग ही का नको?

दीपेशचा मेहुणा केतन तिथेच बसला होता. केतनला चित्रपट जमवायचा नाद आहे. बघायचा नाही, जमवायचा. तो म्हणाला की हा चित्रपट तर आता नव्याने हाय डेफिनिशनमध्ये निघाला आहे, जुनी फिल्म धुऊनपुसून, एकेक ओरखडा काढून. बाहेरून त्याची डिस्क मागवतो.

“मग फैसलाच करू,” दीपेश म्हणाला. “तो डावरा निघाला तर क्लास बंद. उजवा निघाला तर उद्यापासून दिशा उजव्या हाताने, आणि आई, तू एक शब्द बोलायचा नाही.”

“बोल ना, कवा दावतोस?” कमळी म्हणाली. तिने विचारसुद्धा केला नाही. जे डोळ्यांनी पाहिले त्याची पैज लावायला कसली भीती?

मित्रांनो, मला उत्तर ठाऊक होते. मला दोन्ही उत्तरे ठाऊक होती. पण मोटरसायकलवरच्या फडक्याला कोण विचारतो?

ती चकती आली तेव्हा केतनने तिचे खोके असे उघडले की जणू आत देवच आहे. दिवाणखान्याची खिडकी ओट्यावर उघडते, त्यामुळे मला सगळे दिसत होते. भिंतभर टीव्ही. माणसे सोफ्यावर, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. केतन दर थोड्या वेळाने चित्र थांबवून सांगे की बघा, घोड्याच्या अंगावरचा केस न् केस दिसतो. केस दिसत होते, हे खरे. नायकाच्या मिशीला लावलेला डिंकही दिसत होता. आभाळ बाथरूमच्या फरशीसारखे निळे. धूळ इतकी स्वच्छ की तिने कोणाला शिंक येणार नाही. ओरखडे काढता काढता त्यांनी भीतीही पुसून काढली होती. माझ्यासमोर ज्या जागी लोकांच्या हातातले दाणे तोंडाजवळ थांबत, तिथे केतनने पिझ्झा कुठवर आला ते पाहिले.

मग टोपीवाल्याने पिस्तूल काढले. उजव्या हाताने.

सगळे हसले. दीपेशने ते पुन्हा मागे नेऊन दाखवले, सावकाश. उजवा. खाताना उजवा, ओतताना उजवा. दिशाने आपला डावा हात मांडीखाली घातला. तो प्रकार मी एकदा पाहिला होता, चिंधीसकट, आणि मला पुन्हा पाहायचा नव्हता.

“उलटा छापलाय,” कमळी म्हणाली.

“आई, एवढी मोठी कंपनी उलटा कशाला छापेल?”

“त्यांना काय ठावं? ते व्हते का तिकडं आमच्यासोबत?”

यावर आणखी हशा झाला. कमळी उठून आत गेली. त्या दिवशी दिशा उजव्या हाताने जेवली, म्हणजे भात ताटाबाहेर सांडत राहिली, आणि बाप शाबास म्हणत राहिला.

कमळी हटली नाही. तिने दुसऱ्या दिवशी मला मोटरसायकलवरून ओढले, साबणात उकळले, दगडावर आपटले. इतक्या वर्षांत मला कोणी असे मानाने मारले नव्हते. चकतीवर विश्वास नाही, ज्या पडद्यावर पाहिला त्याच पडद्यावर दाखवा, असे तिने केतनला बजावले. केतनकडे हाताएवढा नवा प्रोजेक्टर होता आणि तो मिरवायची संधी तो सोडणार नव्हता. रविवारी दिवेलागणीनंतर त्यांनी मला अंगणात दोन बांबूंना बांधले. माझ्यापुढे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून दीपेश आणि केतन बसले.

कमळीला कोणी सांगितले नाही, ती आपोआप मागे गेली. दिशाला नेले. अमिताही ताटे घेऊन मागे गेली, कारण स्वयंपाकघराचे दार तिकडेच होते. मग कमळीने बादली उचलली आणि माझ्यावर पाणी मारले.

“आई, काय करतेस? पिक्चर खराब होईल,” दीपेश पुढून ओरडला.

“तुजा व्हऊ दे. आमचा चांगला दिसल.”

मी भिजलो. उजेड माझ्यातून पलीकडे गेला. घोडा शिवणींवर मोडत धावला आणि खरे सांगतो, माझ्या सुताला ते आठवत होते. टोपीवाल्याने दाण्यांची थाळी घेतली.

“बग, डावा,” मागून कमळी म्हणाली.

“उजवा, आई. नीट बघ,” पुढून दीपेश.

“आंधळा हायस का? डावा.”

“बाबा, डावाच आहे,” दिशा म्हणाली.

दीपेश रागाने उठला, माझ्या कडेने मागे आला, त्याने पाहिले आणि तो हसत सुटला. शिकलेला माणूस, त्याला लगेच कळले की पडद्यामागून चित्र आरशासारखे उलटे दिसते. त्याने कमळीचा दंड धरला आणि तिला पुढे आणून खुर्चीवर बसवले.

मित्रांनो, कमळी माझ्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा बसली. तिने पाहिले. उजवा. ती उठली आणि मागे गेली. डावा. पुन्हा पुढे आली. मग माझी ओली कड तिने हातात धरली आणि कितीतरी वेळ ती तिथेच उभी राहिली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. जवळच्या खुर्चीवर केतन तिचा व्हिडिओ काढत होता. माणसाचा विश्वास मोडताना बघायलाही यांना मोबाइल लागतो.

“म्हणजे पैज मी जिंकलो,” दीपेश म्हणाला. “आता नो टेन्शन. उद्यापासून उजवा हात.”

“जिकलास,” कमळी म्हणाली. “टोपीवाला उजवा निगाला. त्याचा हात तू घे.”

“आणि दिशा?”

“तो उजवा निगाला म्हनून माजा हात उद्या उजवा व्हनार हाय का? मला वाटायचं, त्याच्या जोरावर मी आईचा मार खाल्ला. त्याचा जोर तर इकडं पुढं व्हता, बाप्यांकडं. मागं मी एकटीच व्हते. मंजे माज्याच जोरावर खाल्ला.” तिने माझी कड सोडली. “पोरीचा हात पैजेवर लावायला माजा नव्हता. मी लावला, चुकले. तुजाबी नाय तो. तू बी लावू नको.”

दीपेशने केतनकडे पाहिले. केतनने मोबाइल खाली ठेवला. मग दीपेशने बायकोकडे पाहिले, म्हणजे बघायचा प्रयत्न केला, पण मध्ये मी होतो. पलीकडून अमिताचा आवाज आला. ती दिशाला सांगत होती की जेवून घे, उद्यापासून क्लासला जायचे नाहीये. ती नवऱ्याला विचारत नव्हती.

“पण आजी, तो खरा कोणत्या हाताचा?” मागे परतलेल्या कमळीला दिशाने विचारले.

“ते त्याचं तो बगल. तुजी आमटी थंड व्हते.”

पोर जेवू लागली. कोणत्या हाताने ते दीपेशला पुढून दिसत नव्हते. मला दिसत होते.

दीपेशला अक्कल आली असे समजू नका. हरलेल्या आईसमोर त्याचे काही चालले नाही, एवढेच झाले. पण सोमवारी त्याने स्वतः मॅडमना फोन करून दिशाचे नाव काढून घेतले आणि फी परत मागितली, तेव्हा त्याच्याकडून मी याहून जास्त अपेक्षा करत नाही. चकती खोक्यात परत गेली. केतन सांगत होता की पुढल्या वर्षी तोच चित्रपट याहूनही स्वच्छ निघणार आहे. निघू दे. जन्मभर धुतला तरी त्याला एकच बाजू राहणार.

मित्रांनो, तुमचा आदर मला नको, तो तुम्ही तुमच्या काचेला द्या. माझे मागणे लहान आहे. मला ओला असताना घडी घालून कोंबू नका. वरून काही दिसत नाही, पण कापड आतून कुजते, आणि मग ताणले की फाटते. त्या रात्री सगळे आवरून झोपायला निघाले आणि मला तसाच बोळा करून कोपऱ्यात टाकणार होते. दिशाने मला झटकून दोरीवर पसरले आणि चिमटे लावले. दोरी तिच्यासाठी उंच होती. ती खुर्चीवर चढली, उजव्या हाताने खिडकीचा गज धरला आणि चांगल्या हाताने एकेक चिमटा लावत गेली.