दोन पानांवर थांबलेली

नणंदेने कानशीने दाण्याचं टोक खरवडलं, तो पाण्याच्या बशीत टाकला, आणि तिच्या प्रयोगशाळेतल्या टेबलाशी आम्ही दोघी टक लावून बसलो. मिरीएवढा काळा दाणा. तीस वर्षं कागदावर चिकटवलेल्या एका वाळक्या झाडाला धरून होता.

"यात जीव असेल असं खरंच वाटतं तुम्हाला, वन्सं?"

"छे गं. उद्या तो दुसऱ्या प्रयोगशाळेला दळायला द्यायचाय, कूळ तपासायला. त्याआधी एकदा..."

वाक्य अर्धंच राहिलं. दाणा उकलला आणि आतून एक चिकट, काचेसारखी अळी बाहेर आली. येतच राहिली. चांगली बोटभर झाली. मी खुर्चीसकट मागे सरकले.

"अगंबाई! हे काय?"

"बीजाणूंची माळ," ती म्हणाली. कानस तिच्या हातातून खाली पडली. "वहिनी, हे मेलेलं नाही!"

असे दाणे धरणारे नेचे, म्हणजे फर्न, पाण्याकाठी चिखलात वाढतात. त्यांच्या तीन तऱ्हा: एक नुसती गवताच्या काडीसारखी, एक देठाला दोन पानं असलेली, एक चार पानांची. एकीचा तोंडवळा दुसरीला नाही, पण तिघी सख्ख्या बहिणी. पाण्यावर तरंगणारे नेचे त्यांच्या चुलत घरचे. तरुणपणी नणंदेला आटत्या तळ्यात एक वेगळीच दोनपानी सापडली. ही चौथी बहीण, सगळ्यांत थोरली, असं तिने भर सभेत सांगितलं. तिचेच सर उठले.

"ही साधी चारपानी. उपाशी राहिली म्हणून पोरवयातल्या दोनांवर थांबली."

"दाणा धरलाय तिने, सर! पोर कधी दाणा धरेल का?"

"मरायच्या भीतीने घाईघाईत लेकुरवाळी झाली, दुसरं काय!"

सभा खो-खो हसली. तळं पुढे बुजवलं, दुसरं झाड कुणाला मिळालं नाही; उरलं ते कागदावर चिकटवलेलं. वंशवृक्षाच्या चित्रात नणंदेची फांदी ठिपक्यांचीच राहिली. माझा नवरा म्हणतो, "आमच्या बहिणीचं सासर म्हणजे ती फांदी."

आणि आता बशीत रोपं आली. पहिला देठ नुसता दोरा. लहानपणी सगळ्या बहिणींचा तसाच असतो. मग दोन-दोन पानं. त्यातही नवल नाही, चारपानीचं पोरही त्या वयात दोनच काढतं. सगळा जीव पुढच्या देठावर टांगलेला. तो गोगलगायीसारखा गुंडाळून बसला होता, आणि नणंद त्याच्यासमोर.

एका दुपारी डबा घेऊन गेले तर ती भिंतीला टेकून उभी.

"मोज," म्हणाली.

मोजली. चार.

"पुन्हा मोज."

चारच. शेजारच्या रोपाला चार, त्याच्या शेजारच्यालाही.  माझ्या तोंडातून भलतंच गेलं, "थोडं उपाशी ठेवून बघायचं का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा छातीशी धरला. मग ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं वेडे, सर तरी तेच म्हणत होते ना!"

मग तिने सरांना फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवला. ते आता ऐंशीच्या पुढचे, त्यांचं बोलणं नीट कळत नाही.

"सर, चार पानं आली."

"कुणाला?"

"तळ्यातलीला. मी चुकले. तुमचं बरोबर होतं."

"ते मला ठाऊकच होतं. त्यासाठी फोन..." ते मध्येच थांबले. "आली म्हणजे? तळं तर बुजवलं. अगं... जिवंत आहे?"

"आठ रोपं आहेत, सर."

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. "हात लावू नकोस कशाला! मी येतोय! माझे बूट कुठायत?"

फोन बंद झाला. नणंद तशीच उभी.

"वहिनी, त्यांना उठून बसता येत नाही. दोन वर्षं झाली."

 मग तिने माझ्याकडे रिकामा डबा मागितला. माझ्या हातातला तर भरलेलाच होता. तिने जेवण ताटलीत ओतलं, डबा विसळला, त्यात चिखल आणि पाणी घातलं आणि सर्वांत धट्टं रोप अलगद उचलून आत लावलं.

"गाडीत मांडीवर धरशील ना? सांडवायचं नाही हं."

"धरते की," मी म्हटलं. "पण तुम्ही सावकाश चालवा."