कासवाची बढाई

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा? मी कासवावर जळत होतो.

कासव म्हणजे माझ्याच तुकडीतला वैमानिक, प्रशिक्षणापासूनचा मित्र आणि माझ्याच कर्मानं माझा मेहुणा. एका सुट्टीत मीच त्याला घरी नेलं आणि बहिणीनं त्याला ठेवूनच घेतलं. तेव्हापासून बाबा पानावर बसले की हवं-नको आधी जावयाला विचारतात, मग मला. जेवायला तासभर लावतो म्हणून तो कासव. मी भिंगरी. आमच्या तुकडीत टोपणनाव स्वतः निवडता येत नाही, आणि नावडलं असं दाखवलं की ते जन्माचं चिकटतं.

त्या वर्षीच्या हवाई प्रात्यक्षिकात एकट्यानं कसरती कोण करणार, ते साहेब ठरवणार होते. जो तो कासवाचं नाव घेत होता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायको म्हणालीसुद्धा, "त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" काही मारलं नव्हतं, तेच तर दुखणं होतं.

आमच्या चहाच्या खोलीत बढायांची वही असते. कुणी फुशारकी मारली की ऐकणाऱ्यानं ती लिहायची आणि एका साक्षीदाराची सही घ्यायची. महिनाअखेरीला साहेब सगळं मोठ्यानं वाचतात. वहीत आलेलं नाकारायचं नाही, हा एकच कडक नियम. 'मी उतरलो तेव्हा धावपट्टीच वर आली' असली माझी चार पानं भरली होती. कासवाच्या नावावर एक ओळ नव्हती. सज्जनपणाचासुद्धा किती तोरा असावा माणसाला!

एका दुपारी खोलीत कुणी नसताना मी लिहिलं : 'कासव म्हणतो, खालच्या उंचीची मर्यादा नवशिक्यांसाठी असते. मला ती लागत नाही.' नंतर साक्षीदार म्हणून तुकडीतल्याच डुलकीची सही घेतली. डुलकी न वाचता सही करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

साहेबांनी ते वाचलं तेव्हा सगळे खो-खो हसले. साहेब हसले नाहीत.

"हे तू म्हणालास?"

कासवानं वहीकडे पाहिलं. माझ्या अक्षरातल्या टिपणांवर त्यानं अख्खं प्रशिक्षण काढलं होतं, अक्षर त्याला कळणारच. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"वहीत आलंय, साहेब. नाकारायचं नसतं," तो म्हणाला.

प्रात्यक्षिक मला मिळालं. बहिणीचा फोन आला, "दादा, हे असं बोलणारे नाहीत रे. तू होतास ना तिथे?" मी म्हटलं, "बोलला असेल गमतीत."

कसरती करताना जमिनीवर एक निरीक्षक लागतो. तो खालून बघत राहतो आणि काही चुकलं तर रेडिओवर 'सोड' म्हणतो, मग कसरत तिथेच सोडायची. निरीक्षक वैमानिकानं निवडायचा असतो. साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून कासवाचंच नाव गेलं. इतरांची नजर किती कच्ची ते मी पारखलेलं होतं आणि जीव माझाच होता. तोही मुकाट्यानं तयार झाला, याचासुद्धा मला राग आला.

तिसऱ्या दिवशीच्या सरावात मी उभं वर्तुळ घेत होतो. विमान वरच्या टोकाला उलटं झालं, मी उंचीचा काटा पाहिला, उंची पुरेशी होती. मी नाक खाली ओढायला घेतलं.

"उंची कमी. सोड," कानात कासवाचा आवाज.

काटा पुरेशी म्हणत होता. माझ्या डोक्यात लख्ख आलं, हा सूड घेतोय. मला सरावात नापास करतोय. मी ओढतच राहिलो. मग वाटलं, पण हा खोटं बोलत नाही. मी विमान सुलटं करून बाहेर काढलं.

उतरल्यावर कळलं. रात्रीत हवेचा दाब उतरला होता आणि दाबावर चालणाऱ्या त्या काट्याला मी कालचाच आकडा लावून गेलो होतो. काटा तीनशे फूट जास्त दाखवत होता. वर्तुळ पुरं केलं असतं तर मी मातीत गेलो असतो.

उड्डाणानंतर चुका मांडायला बसतात, त्या टेबलाशी आम्ही दोघंच होतो. तिथे कुणी खोटं बोलत नाही.

"मी सोड म्हटलं. त्यानंतर एक अख्खा सेकंद तू ओढत होतास. कशासाठी?"

"वाटलं, तू सूड घेतोयस."

"असं का वाटलं?"

"तुझ्या जागी मी असतो तर घेतला असता."

तो उठला.

"वहीचं मी कुणाला सांगणार नाही. पण तुझ्यासाठी आता खाली उभा राहणार नाही. मी सोड म्हणत राहीन आणि तू विचार करत बसशील. घरी जाऊन तुझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवू?"

तो साहेबांच्या खोलीकडे गेला. 'सोड' ऐकूनही ओढत राहणाऱ्याला कसरती करू देत नाहीत; माझं प्रात्यक्षिक तिथेच संपलं, हे मला कळत होतं. आणि खरं सांगतो, इतकं सरळ बोलून उठून जाता येतं, याचाही मला हेवाच वाटला.