साहेबांचं ‘बघू’

आमच्या बिडकीनच्या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी शंतनू साहेब आले, आणि ‘हो’ नि ‘नाही’ हे दोन शब्दच बंद पडले. काहीही मागा, साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचे, "बघू." उन्हाळ्यात पंखा मागितला. बघू. पंखा स्टोअरमध्ये खोक्यातच राहिला आणि त्या खोक्यात चिमण्यांच्या तीन पिढ्या नांदल्या. चौथीच्या बारशाला मी स्वतः हजर होतो. खोटं वाटत असेल तर स्टोअरकीपरला विचारा. तो मीच.

लेथ मशीनवरचा कामगार कारभारी म्हणजे बावीस वर्षं इथंच काढलेला जुना माणूस. त्याच्या मुलीला, प्रेरणाला बघायला गुरुवारी सोयगावचे पाहुणे येणार होते. त्यानं पंधरा दिवस आधी सुट्टीचा अर्ज दिला.

"बघू, कारभारी."

रोज सकाळी विचारायचा, रोज तेच. बुधवारी सुटताना पुन्हा विचारलं.

"बघू म्हटलं ना!"

मी म्हणालो, "जा की सरळ."

"अन् सुदर्शनसारखं झालं म्हंजे?"

सुदर्शन असाच ‘बघू’वर विसंबून आईला दवाखान्यात घेऊन गेला होता. मग आठ दिवस गेटबाहेर उभा. त्याला आत घ्यायचं का, तेही साहेब बघत होते.

गुरुवारी कारभारी कामावर आला. युनिफॉर्मच्या आत इस्त्रीचा पांढरा सदरा, डोळे साहेबांच्या केबिनकडं. अकराला बायकोचा, मनकर्णाबाईचा फोन.

"अवं, पाव्हणं कवाचे बसलेत. कुठंवर आलात?"

"निघतोच."

बाराला पुन्हा फोन. या खेपेला मुलाचे वडील, सोमनाथराव बोलत होते. आवाज खुशीतला.

"पाव्हणं, पोरगी आमाला लई पसंत हाय. तुमचं काय? व्हय म्हणा, आत्ता साखर वाटतो!"

कारभारीनं तोंड उघडलं. दोन वर्षं कानांत साचलेलं तेच बाहेर पडलं.

"बघू."

पाहुण्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि जीप सुरू केली. मनकर्णाबाईनं नंतर फोनवर सांगितलं. ओरडली नाही. "असं कसं वं म्हणलात?" एवढंच.

तीनला साहेब केबिनबाहेर आले. "कारभारी, तुमची आजची सुट्टी मंजूर बरं का!"

कारभारीनं मशीन बंद केलं, नळावर तोंड धुतलं आणि आरशासमोर घोकायला लागला. "व्हय. आमाला बी पसंत हाय." मी त्याच्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. दर खेपेला ‘व्हय’ म्हणायच्या आधी त्याचे ओठ ‘ब’साठी मिटत होते. शेवटी जमलं. त्यानं सोमनाथरावांना फोन लावला, अन् अगदी बरोबर म्हणाला.

पलीकडून उत्तर आलं. कारभारीनं फोन खिशात टाकला आणि हातमोजे पुन्हा चढवले.

"काय म्हणाले?"

"बघू म्हणले."

त्या शब्दाचा अर्थ त्याला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.