आम्पेलिओला सायकल येत नाही

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सायकल चालवता येत नाही, आणि आमच्या आर्मा गावात सायकलींचं सगळ्यात मोठं दुकान त्याचंच आहे.

समुद्राकाठची रेल्वे डोंगराच्या पोटातल्या नव्या मार्गावर गेली आणि जुन्या रुळांच्या जागी सायकलींचा रस्ता झाला. मोटार नाही, ट्रक नाही, एका अंगाला समुद्र आणि मध्ये मध्ये बोगदे. तेव्हा आम्पेलिओने सान रेमोच्या हॉटेलातली नोकरी सोडली आणि माझ्या बेकरीशेजारच्या मालगोदामात दुकान थाटलं. माझी धाकटी बहीण ओर्तेन्सिया पंक्चर काढते, ब्रेक आवळते, पाहुण्यांना फिरवून आणते. आम्पेलिओ उंच स्टुलावर बसतो आणि बोलतो.

तो वाढला डोंगरावरच्या खेड्यात. तिथल्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. लहानपणी सायकल शिकला नाही यात त्याचा काही दोष नाही. मोठेपणी शिकायची लाज वाटली, तेही मी समजू शकते. पण या गृहस्थाने काय करावं? शर्यतवाल्यांचा रंगीत, घट्ट सदरा अंगात चढवला आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला की तरुणपणी आपण शर्यती मारत होतो, एका उतारावर पडलो, गुडघा गेला, डॉक्टरांनी मनाई केली. पहिल्या वर्षी तो नुसता घसरला होता. पुढे त्याला झाडाने अडवलं. हल्ली त्याला दरीतून चार माणसं दोर लावून वर काढतात. खरं काय ते ओर्तेन्सियाला ठाऊक आणि मला. ती बोलत नाही. मी बोलले असते, पण ती नको म्हणते.

मे महिन्यात एका दुपारी ओर्तेन्सिया पाहुण्यांची एक तुकडी पोचवून घामाघूम परत आली. दुकानात एक डच जोडपं होतं. आम्पेलिओ त्यांना गिअर समजावत होता. तिला बघून म्हणाला, "हिच्यासारखे बदलू नका हं. कोंबडी दाणे टिपते तसं चाललेलं असतं हिचं!" जोडपं हसलं. ओर्तेन्सियाने हात पुसले, फडकं खिळ्याला अडकवलं आणि आत गेली. मी पाव द्यायला आले होते, मी तिचा चेहरा पाहिला. हा मात्र स्टुलावरून पुढच्या गिअरवर गेला होता.

त्या शनिवारी मिलानची मंडळी आली. मिलानचे लोक आमच्याकडे येतात ते समुद्र आपल्या बापाने भाड्याने घेतल्यासारखे. ही पेन्शनरांची मंडळी होती, सगळ्यांच्या डोक्यावर नवीकोरी हेल्मेटं, आणि अध्यक्ष इंजिनियर ब्रांबाती. या ब्रांबातीला प्रत्येक गोष्टीत काहीतरी खोल दिसायचं. माझ्या काउंटरवरची सार्देनाइरा बघून, म्हणजे टोमॅटो आणि खारवलेले मासे घालून भाजलेली आमची साधी जाड रोटी, तो म्हणाला, "यात एका संस्कृतीची वेदना आहे." मी म्हटलं, "यात लसूण आहे. किती कापू?"

त्याने हट्ट धरला की वाट दाखवायला खुद्द चॅम्पियनच हवा.

आम्पेलिओ गोदामात गेला. "ओर्तेन्सिया, चल, मंडळी तयार आहेत."

"मंडळींना तू हवायस."

"अगं, माझा गुडघा…"

"सपाट रस्ता आहे. परवा एक गरोदर बाई जाऊन आली. जा."

त्याने आवाज खाली आणला. "तुला माहितीय ना सगळं."

"काय माहितीय?" ती मोठ्याने म्हणाली. "बोल ना. बाहेर सगळे उभेच आहेत."

तो बोलला असता तर मी त्याला माफ केलं असतं. खोटं नाही सांगत. एका वाक्याचं काम होतं. पण त्याने भिंतीवरची सगळ्यात महाग सायकल उतरवली, हँडल धरून बाहेर आला आणि चालायला लागला. पायी.

मंडळी सायकलींवर बसून तयार होती. सगळे गोंधळले.

"आधी हातात धरून चालायची," आम्पेलिओ मागे न बघता म्हणाला. "जो लगेच वर बसतो त्याला काही दिसत नाही. सायकल आधी हाताला कळू द्यावी."

"ऐकलंत?" ब्रांबाती खाली उतरला. "हाताला कळू द्यावी!" मग सगळे उतरले.

त्यांचं जेवण मला त्रे पोंतीच्या किनाऱ्यावर पोचवायचं होतं. माझ्या तीनचाकीवर ट्रे बांधले आणि मी मागोमाग निघाले. इतक्या हळू कधी चालवली नव्हती, पण हा तमाशा मी चुकवणार नव्हते.

आजूबाजूने लोक घंट्या वाजवत जात होते. चार-पाच वर्षांची एक पोरगी छोट्या सायकलीवरून पुढे गेली आणि ओरडली, "आई, या सगळ्यांच्या सायकली मोडल्यात!" ब्रांबाती तिच्याकडे बघून कीव आल्यासारखा हसला. म्हणाला, "घाई. कोवळ्या वयातच घाई."

त्या मंडळींत सिन्योरा लिदुइना नावाची एक विधवा शिक्षिका होती, बारीक, ताठ. तिने विचारलं, "बसायचं कधी?"

"बोगद्यानंतर," आम्पेलिओ म्हणाला.

बोगदा आला. आत गार वारा, पावलांचा आवाज, आणि ब्रांबातीचं व्याख्यान. बोगदा संपला.

"आता?"

"त्या टोकाला वळसा घातला की."

टोक आलं आणि मागे पडलं. ऊन चढलं. आम्पेलिओचा रंगीत सदरा पाठीला चिकटला. शर्यतवाल्याचे बूटही त्याने हौसेने घातले होते. त्यांच्या तळाला लोखंडी पट्टी असते, ते चालायचे बूटच नव्हेत. टक टक करत, बर्फावरच्या बदकासारखा तो चालला होता. त्याच्या टाचा सोलवटल्या असणार. मला जरासुद्धा दया आली नाही.

सिन्योरा लिदुइना त्याच्या बाजूला गेली. मी अगदी मागेच होते.

"तुम्हाला येत नाही ना?" तिने हळूच विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. "माझ्या यजमानांनाही येत नव्हती. पन्नाशीत मी शिकवली, आमच्याच अंगणात. दोन संध्याकाळी पुरल्या. त्यात काय एवढं?"

आम्पेलिओ थांबला. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतोय.

"सिन्योरा," तो म्हणाला, "ज्याने मृत्यू पाहिलाय त्याला असलं विचारू नये." आणि गुडघ्यावर हात ठेवला. सकाळी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला होता.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं. मग सायकलवर बसली, घंटी वाजवली आणि निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. बाकीचे "बिचारी!" असं पुटपुटले आणि चालत राहिले.

जेवायला ते उशिरा पोचले आणि लांडग्यांसारखे तुटून पडले. ब्रांबातीने सगळ्यांसमोर आम्पेलिओला मिठी मारली. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "तुम्ही आम्हाला सायकल काय असते ते शिकवलंत," तो म्हणाला. आम्पेलिओने मान झुकवली. सिन्योरा लिदुइना सान रेमोला जाऊन, पोहून, केस ओले घेऊन परत आली होती आणि एका दगडावर बसून संत्रं सोलत होती. तिने मला एक फोड दिली.

मला वाटलं, मिलानला जाऊन हे लोक स्वतःवरच हसतील. कसलं काय! ब्रांबातीने मित्रांना सांगितलं, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. जूनपासून लोक येऊन विचारायला लागले, "सायकल हातात धरून नेतात ते इथेच ना?" आम्पेलिओने दारावर पाटी लावली. बोलोन्याहून आले, म्युनिकहून आले. शिकलेली, घरदार असलेली माणसं भाड्याने सायकल घेतात आणि तिच्याबरोबर पायी फिरतात. मी त्यांना सार्देनाइरा विकते. चालणाऱ्यांना भूक जास्त लागते, तेव्हा माझीही तक्रार नाही, आणि याचा मला स्वतःचाही राग येतो.

ओर्तेन्सियाने भांडण केलं नाही. जुलैत तिने आपली हत्यारं एका पेटीत भरली आणि ओस्पेदालेत्तीच्या एका हॉटेलात लागली. तिथल्या पाहुण्यांना ती सायकलवर बसवून फिरवते. रोज सकाळी इथून निघते ती थेट शेवटच्या बोगद्यापलीकडे, आणि संध्याकाळी येते उन्हाने तांबूस होऊन. राहते घरीच. रात्रीचं जेवण दोघं एकत्र करतात. हा दिवसभराचे किस्से सांगतो, ती मीठ मागते.

आता नोव्हेंबर आहे. परवा पाऊस होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्पेलिओ बेकरीत आला, काउंटरला टेकून उभा राहिला.

"ओर्तेन्सिया तुझ्याकडे माझ्याबद्दल काय म्हणते गं?"

"काही नाही."

"म्हणजे? शिव्या देत असेल ना?"

"नाही. तुझं नावच काढत नाही."

"कधीच नाही?"

"हॉटेलबद्दल बोलते. माझ्या पाठदुखीचं विचारते. तुझा विषय निघत नाही, आम्पेलिओ."

मी त्याला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं. शिव्या ऐकायची तयारी करून तो आला होता, ते दिसत होतं. मी कापून दिलेला सार्देनाइराचा तुकडा त्याने कागदात गुंडाळला, परत उघडला, परत गुंडाळला. तेवढ्यात दाराशी छत्र्या घेतलेलं एक जोडपं आलं आणि त्यांनी विचारलं, पावसात पण नेतात का?

"पावसातच खरी मजा," आम्पेलिओ म्हणाला आणि त्यांच्याबरोबर गेला.