नऊ पॉइंट आठ

गर्भपिशवीत तीन गाठी, पाळी दहा-दहा दिवस आणि अंगात रक्ताचा पत्ता नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सरळ होतं, हिमोग्लोबिन दहा झालं की लगेच ऑपरेशन. आता गाठी निघाल्याशिवाय रक्त जायचं थांबत नाही, आणि रक्त जायचं थांबल्याशिवाय दहा होत नाही. माणसानं करावं तरी काय, सांगा! गोळ्यांनी महिनाभर रखडत आकडा वर न्यायचा आणि पाळीनं चार दिवसांत त्याचं मातेरं करायचं, असं वर्षभर चाललं होतं.

ती बस स्टँडवर तिकिटांच्या खिडकीत बसायची. बदलीची बाई आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला नियम. समोरची रांग संपायची नाही, खाली ओलं झालेलं कळायचं, आणि ती आपली काचेआडून "पुढचे या" म्हणत राहायची. सुटका झाली की भिंतीच्या कडेकडेनं जायची. वर्षभरात कुणाला डाग म्हणून दिसू दिला नाही. साहेबांच्या मते बाई कामचुकार, सारखी संडासात पळते. त्यांच्या तोंडी कोण लागणार?

सासूबाईंनी मात्र सुनेला दहावर न्यायचा विडाच उचलला होता. बीट किसून, बीट उकडून, बीट वाटून.

"आई, आता मला पानं फुटतील हो."

"फुटू देत. आकडा वाढला म्हणजे झालं," म्हणत त्या वाटी पुढे सरकवायच्या.

आज त्याही दवाखान्यात बरोबर आल्या होत्या, बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "नऊ पॉइंट आठ. छान वाढलंय की. जरासंच राहिलंय, पुढच्या महिन्यात या."

"डॉक्टर, तीन दिवसांवर पाळी आलीये. परत सातवर येईल."

"गोळ्या घेता ना वेळेवर?"

"घेते. पण फार जातं हो."

"सगळ्याच असं म्हणतात. चला, उठा, बाहेर गर्दी आहे."

सगळ्याच म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि नेमकी तेव्हाच ती मेली पाळी तीन दिवस आधी आली, आली ती लोंढ्यानंच. ती जागची उठली नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. सवयीनं तिचा हात कपडे सावरायला गेला. मग तिनं तो मागे घेतला, उठली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग खुर्चीच्या भिजलेल्या गादीकडे.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगतच होते. वर्षभर."

त्यांनी फोन उचलून रक्ताच्या दोन पिशव्या मागवल्या, नर्सला खाट तयार करायला सांगितलं. गडबड ऐकून सासूबाई आत आल्या आणि अंगावरची शाल काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळायला लागल्या. "अगं, झाकून घे आधी."

"थांबा, आई," ती म्हणाली. "आधी त्यांना ऑपरेशनची तारीख लिहू द्या."